एक कुलूप, दोन किल्ल्या

पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडच्या दिशेने निघाली की पहिले स्थानक लागते चुडावा. परभणी जिल्ह्याचे हे पूर्वेचे टोक. पुढचे लिंबगाव आले की नांदेड जिल्हा सुरू होतो. बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या चुडाव्याला थांबत नाहीत. खिडकीतल्या प्रवाशाला फलाट, पिवळी पाटी आणि हिरवा बावटा घेतलेला माणूस एवढेच दिसते.

भारतातल्या अशा लहानमोठ्या स्थानकांवर एक खोली असते, तिकडे प्रवाशाचे कधी लक्ष जात नाही. तिला रिले रूम म्हणतात. सिग्नल हिरवा कधी व्हायचा, सांधा कोणत्या रुळाकडे वळायचा, फाटक उघडे असताना गाडी कशी अडायची, हे सगळे ठरवणारी यंत्रणा या खोलीत असते. या खोलीच्या दाराला दोन कुलपे असतात. एकाची किल्ली स्टेशन मास्तरकडे आणि दुसऱ्याची सिग्नल खात्याच्या माणसाकडे. मास्तरला एकट्याला दार उघडता येत नाही आणि सिग्नलवाल्यालाही नाही. दोघे हजर झाले तरी काम संपत नाही. किल्ली कोणी घेतली, कधी घेतली, कशासाठी घेतली आणि कधी परत केली, हे वहीत लिहून सही करावी लागते. २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ भीषण अपघात झाला, अडीचशेहून अधिक माणसे गेली आणि मूळ सिग्नलच्या तारांतल्या चुकीत सापडले. त्यानंतर लगेच रेल्वे बोर्डाने देशभर जे आदेश काढले, त्यांत ही दुहेरी कुलपे तपासा, रुळांकडेच्या सिग्नल पेट्यांनाही ती लावा आणि रिले रूमचे दार उघडले की त्याची नोंद व मोबाइलवर संदेश गेलाच पाहिजे, असे बजावले होते.

आज बँका, दवाखाने, पतसंस्था आणि सरकारी खाती आपली माहिती क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या दूरच्या संगणकांवर ठेवतात. ती कूटबद्ध करून, कुलूपबंद करून ठेवतात. मग प्रश्न येतो की किल्ली कोणाकडे ठेवायची? हा प्रश्न नवा आहे असे समजून त्यावर जाडजूड अहवाल लिहिले जातात. पण चुडाव्यावरून जाणाऱ्या लोहमार्गाने तो शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतला होता, आणि त्याआधी गडांनी आणि खजिन्यांनी.

हा मार्ग आला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने सिकंदराबाद ते मनमाड असा मीटरगेज मार्ग टाकला आणि गोदावरीच्या खोऱ्यातला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. मार्ग एकेरी होता. एकच रूळजोडी, तिच्यावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या. दोन स्थानकांमधल्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, एवढाच नियम. पण तो पाळायचा कसा? समोरासमोरच्या दोन गाड्यांचे दोन चालक एकमेकांना पाहतात तेव्हा ब्रेक लागायला वेळ उरलेला नसतो.

इंग्लंडने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला होता. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री नॉर्विचजवळ थॉर्प इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि सुमारे पंचवीस माणसे ठार झाली. कारण होते एक तार. गाडी पाठवा, असा मजकूर अधिकाऱ्याने सांगितला होता, पण त्याखाली सही केली नव्हती. सहीशिवाय तार पाठवायची नाही असा नियम होता, तरी तारवाल्याने ती पाठवली. अधिकाऱ्याने विचार बदलला तेव्हा समोरची गाडी निघून गेली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर सहीची पडताळणी न करता आज्ञा अमलात आली. या अपघातानंतर एडवर्ड टायर या तंत्रज्ञाने १८७८ मध्ये एक यंत्र आणले. त्यात गाडी सोडायचा हक्क एका वस्तूत बांधलेला होता. ती वस्तू चालकाच्या हातात असल्याशिवाय त्याने पुढच्या टप्प्यात जायचेच नाही.

भारतात, विशेषतः मीटरगेजच्या एकेरी मार्गांवर, याच जातीचे नीलचे गोळा-टोकन यंत्र सर्रास वापरात आले. ते जवळून पाहण्यासारखे आहे. टप्प्याच्या दोन टोकांच्या स्थानकांत दोन लोखंडी यंत्रे, विजेच्या तारेने जोडलेली. दोन्हींच्या पोटात पोलादी गोळे. गोळ्यावर टप्प्याचे नाव आणि क्रमांक कोरलेला. गाडी सोडायची म्हणजे मास्तर घंटा वाजवून पलीकडच्या मास्तरला विचारतो, लाईन क्लिअर आहे का? पलीकडच्याने आपल्या यंत्राचा दांडा फिरवून संमती दिली तरच अलीकडच्या यंत्रातून एक गोळा बाहेर पडतो. तो पडला की दोन्ही यंत्रे बंद. हा गोळा कुठल्यातरी एका यंत्रात परत जाईपर्यंत दुसरा गोळा ना इथून निघतो ना तिथून. शेजारच्या टप्प्याचा गोळा या यंत्रात बसत नाही. यंत्राला टाळे आणि सील असते. ते उघडायचा हक्क मास्तरला नाही.

मग तो गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला. न थांबणारी गाडी आली की सांधेवाला फलाटाच्या कडेला कडी उंच धरून उभा राहतो, इंजिनातून हात बाहेर येतो, कडी कोपरात अडकते आणि त्याच क्षणी मागच्या टप्प्याची कडी फलाटावर फेकली जाते. रात्री मशालीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात हे करणाऱ्या माणसांच्या दंडावर कडीचे वळ उमटत. मराठवाड्यातल्या एका पिढीने आगगाडी म्हणून जे पाहिले, त्यात धुराइतकीच ही कडीची झेप होती.

या योजनेतली खरी अक्कल अशी की तिने माणसाच्या सचोटीवर भार टाकला नाही. दोघांची संमती लागते, किल्ली एकच बाहेर येते, ती परत येईपर्यंत बाकी सगळे गोठते, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याला ते आतून उघडता येत नाही. क्लाउडच्या जगात हार्डवेअर सिक्युरिटी मोड्यूल नावाची जी सीलबंद पेटी असते, तिचे वर्णन याहून फारसे वेगळे करता येणार नाही. मुख्य किल्ली त्या पेटीत तयार होते आणि तिथेच राहते. तिला फाइल कुलूपबंद कर किंवा उघड असे सांगता येते. किल्ली बाहेर काढून दाखव असे सांगता येत नाही. पेटी फोडायचा प्रयत्न झाला तर आतल्या किल्ल्या पुसल्या जातात.

गोळा हरवला तर? हरवत असे. पिशवी निसटून नदीत किंवा ओढ्यात पडे. तेव्हा यंत्र बंद ठेवून कागदी लाईन क्लिअरवर गाड्या सोडाव्या लागत, अशा प्रत्येक कागदावर मास्तरची सही आणि एक गुप्त आकडा. या आकड्याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात आणि तो आजही चालू आहे. छापील तक्त्यावर आडवेतिडवे आकडे असतात. पलीकडचा मास्तर टेलिफोनवर संमती देताना आपल्या तक्त्यातला पुढचा आकडा सांगतो, अलीकडचा तो लिहून घेतो, आणि वापरलेला आकडा खोडला जातो. तो पुन्हा कधी वापरायचा नाही. फाटकावरचा गेटमनही फाटक बंद केल्याचे असेच आकडा देऊन सांगतो. नुसता आवाज ओळखीचा आहे म्हणून रेल्वे विश्वास ठेवत नाही. मोबाइलवर येणारा ओटीपी शहरी माणसाला आधुनिक वाटतो. फाटकावरच्या गेटमनला त्यात नवल वाटायचे कारण नाही. तक्ता मात्र मास्तरने कुलपात ठेवायचा असतो. तो टेबलावर उघडा पडला तर सगळी योजना कागदाची.

एका माणसाच्या हाती सगळे द्यायचे नाही, हा विचार मराठी मुलखात रेल्वेच्याही फार आधीचा आहे. शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहून ठेवली. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे बरोबरीच्या दर्जाचे अधिकारी, कोठाराला कारखानीस. दरवाजे संध्याकाळी लावायचे आणि सकाळी उघडायचे, किल्ल्या सांभाळायच्या, ही हवालदाराची जबाबदारी. जमाखर्च आणि हजेरी सबनिसाकडे. धान्य, दारूगोळा कारखानिसाकडे. कोणी एक फितला तरी गड शत्रूच्या घशात जाऊ नये, म्हणून कारभार तिघांनी मिळून करायचा. रायगडावरच्या हिरकणीची कथा दंतकथा असेल, पण ती ज्या गोष्टीवर उभी आहे ती खरी: दिवेलागणीनंतर दरवाजा म्हणजे दरवाजा, आईसाठीही उघडायचा नाही. असा कडकपणा सांभाळताना हिरकणीसारख्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक किल्लीवाल्यापुढे येतो आणि त्याचे सोपे उत्तर नाही.

गडानंतर खजिना. १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी राज्याचा कारभार नव्याने बांधला, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. परभणी त्या व्यवस्थेतला जिल्हा. वसुलाचा पैसा सावकारांच्या पेढ्यांऐवजी सरकारी खजिन्यात येऊ लागला आणि खजिना म्हटले की किल्ल्यांचा हिशोब आला. ब्रिटिश हद्दीतल्या जिल्हा खजिन्यांत तो फार बारकाईने बांधलेला होता आणि स्वतंत्र भारतातल्या कोषागारांनी तोच उचलला. खजिन्याच्या भक्कम खोलीला डबल लॉक. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. रोजच्या खर्चाची रक्कम सिंगल लॉकमध्ये, बाकी सगळी डबल लॉकमध्ये. सगळ्यात शहाणी तरतूद जोडकिल्ल्यांची. प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली त्याच इमारतीत ठेवायची नाही. ती सीलबंद पाकिटात दुसऱ्या खजिन्याकडे किंवा बँकेकडे पाठवायची, नोंदवहीत लिहायची, आणि वर्षातून एकदा मागवून, सील तपासून, नवे सील करून परत पाठवायची. आग लागली, अधिकारी अचानक वारला, पूर आला, तरी खजिना उघडता यावा. आणि पाकीट कोणी मधे फोडले असेल तर वर्षाच्या आत कळावे. निवडणुकीनंतर मतदान यंत्रे ज्या स्ट्राँगरूममध्ये ठेवतात तिथेही हीच दोन कुलपांची रीत आहे.

बँकेचे लॉकर त्याच कुळातले, फक्त तिथे एक किल्ली माणसाच्या घरी येते. बँकेची मास्टर किल्ली आणि ग्राहकाची किल्ली, दोन्ही लागल्याशिवाय लॉकर उघडत नाही. ग्राहकाच्या किल्लीची जोड बँकेकडे नसते. ती हरवली तर लॉकर फोडावेच लागते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम नव्याने घालून दिले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, पण दोन किल्ल्यांचा पाया तोच राहिला.

किल्ली हरवते म्हणजे काय होते, हे मराठवाड्याने अगदी अलीकडे पाहिले. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसिलांची रेकॉर्ड रूम उघडली, रुमालात बांधलेली दप्तरे सुटली. कागद होते. शाईही बऱ्यापैकी टिकली होती. पण नोंदी मोडीत, उर्दूत, फारसीत. गावाच्या कुलकर्ण्याला जी मोडी बोटांवर होती ती वाचणारा माणूस आता तालुक्यात सापडेना; मोडी वाचक शोधून आणावे लागले. मोडी काही गुप्त लिपी नव्हे. उलट भराभर लिहिता यावे म्हणून ती रूढ झाली होती. तरीही वाचणारे संपल्यावर तिने कुलपाचेच काम केले. माहिती जशीच्या तशी, आणि तरी हाताशी नाही. कूटबद्ध केलेली फाइल आणि हरवलेली किल्ली यांचे नाते हेच आहे, एवढ्याच फरकाने की मोडी शिकता येते. चांगल्या एन्क्रिप्शनची किल्ली गेली तर जगातला कोणताही पंडित ती फाइल वाचून देऊ शकत नाही.

तेव्हा क्लाउडवर माहिती ठेवणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, किल्लीही क्लाउड कंपनीकडेच. बहुतेक ठिकाणी हेच आपोआप होते. ग्राहकाला काही करावे लागत नाही. वाड्याचा मालक आणि किल्लीवाला एकच. दुसरी, किल्ली कंपनीच्याच तिजोरीत, पण ती कोणी वापरायची, कधी बदलायची, कधी नष्ट करायची हा हुकूम ग्राहकाचा. तिसरी, किल्ली मुळातच कंपनीच्या आवाराबाहेर, ग्राहकाच्या स्वतःच्या पेटीत. कंपनीने दर वेळी येऊन विचारायचे. या तिन्हींच्या आतली घडण मात्र एकच आहे. प्रत्येक फाइलला स्वतःची एक छोटी किल्ली असते. ती छोटी किल्ली मुख्य किल्लीने कुलूपबंद करून फाइलीच्या शेजारीच ठेवलेली असते. जुन्या वाड्यात कोठीची किल्ली फडताळात, फडताळाची किल्ली तिजोरीत आणि तिजोरीची किल्ली घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला असे, तसेच. म्हणून सगळा खेळ त्या शेवटच्या किल्लीचा. कुलपाची रचना सगळ्यांना ठाऊक असली तरी चालते, गुप्त राहिली पाहिजे ती फक्त किल्ली, हे डच भाषातज्ज्ञ ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले होते.

पहिल्या वाटेचा धोका जुलै २०२३ मध्ये जगासमोर आला. मायक्रोसॉफ्टची सही करायची एक किल्ली चिनी हेरगटाच्या हाती लागली आणि तिच्या जोरावर अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांचे ई-मेल वाचले गेले. ती किल्ली २०१६ साली बनलेली होती. ती कधीच बाद व्हायला हवी होती. सात वर्षांनीही चालत होती. खजिन्याच्या जोडकिल्लीचे पाकीट वर्षातून एकदा तपासायचा नियम ज्यांनी केला त्यांना यातली चूक लगेच दिसली असती.

तिसऱ्या वाटेचा धोका उलटा. किल्ली सर्वस्वी स्वतःकडे ठेवली की ती हरवण्याचा, बिघडण्याचा, सांभाळणारा माणूस नोकरी सोडून जाण्याचा सगळा भार स्वतःवर. चोवीस तास चालणारी पेटी, तिची जोडपेटी दुसऱ्या शहरात, आणि ती जाणणारी माणसे, हा खर्च मोठी बँक करू शकते. तालुक्याची पतसंस्था करू शकत नाही.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या निवडीला मुंबईच वळण देत आली आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे आणि मुंबईत, २०१६ मध्ये अॅमेझॉनने मुंबईत, २०१७ मध्ये गुगलने मुंबईत क्लाउडची केंद्रे उघडली. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच ठेवा असा आदेश काढला. पण माहिती भारतात आणि किल्ली परक्याच्या हाती असेल तर उपयोग काय? हा पुढचा प्रश्न सेबीने घेतला. ६ मार्च २०२३ च्या तिच्या क्लाउडविषयक चौकटीत शेअर बाजाराशी संबंधित संस्थांनी आपली किल्ली आपण आणावी, ती आपल्या ताब्यात ठेवावी आणि स्वतंत्र हार्डवेअर पेटी वापरावी, अशी तरतूद आहे. आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनाही २०१७ पासून किल्ल्या अशा पेटीतच ठेवणे बंधनकारक झाले. या दोन्ही ठिकाणी निर्णय रास्त वाटतो. जिथे लाखो लोकांचा पैसा किंवा ओळख आहे तिथे खर्चाचे कारण पुढे करायला जागा नाही.

बाकीच्यांसाठी, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणचा दवाखाना, शाळा, पतसंस्था, बाजार समिती यांच्यासाठी, मधली वाट बरी. मात्र तिच्यात खजिन्याचे नियम घातले पाहिजेत. किल्ली वापरणारा आणि किल्लीचे हक्क वाटणारा एक माणूस नको. किल्ली नष्ट करायची तर दोघांची संमती हवी. अॅमेझॉनच्या व्यवस्थेत किल्ली पुसायचा हुकूम दिला तरी सात ते तीस दिवस ती पुसली जात नाही, तेवढ्यात हुकूम मागे घेता येतो. ही मुदत कोणी कमीत कमी ठेवू नये. आणि कोणी किल्ली वापरली याची वही संस्थेच्या एखाद्या सदस्याने महिन्याला एकदा तरी डोळ्यांखालून घालावी. वही कोणी वाचत नसेल तर ती लिहून फायदा नाही.

दोघांहून अधिकांत किल्ली वाटायची गणिती रीत १९७९ मध्ये अदी शमीर यांनी दाखवली: सातांना वाटा द्या, कोणतेही तीन एकत्र आले की गुपित उघडेल, दोघांच्या हाती काहीच लागणार नाही. इंटरनेटच्या पत्त्यांच्या मुळाशी जी किल्ली आहे, तिची राखण याच विचाराने होते. जून २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ती तयार करायचा पहिला विधी झाला. दोन ठिकाणी प्रत्येकी सात विश्वस्त, वेगवेगळ्या देशांचे, आणि त्यातले किमान तीन हजर असल्याशिवाय काम होत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सगळे जमले आणि तिजोरीचे कुलूपच अडकले. कारागीर बोलावून ते भोक पाडून उघडावे लागले आणि विधी काही दिवस पुढे गेला. कोषागारात कधी काळी गंजलेल्या कुलपाशी झटलेल्या माणसाला त्या विश्वस्तांची तगमग नीट कळेल.

हे सगळे मुंबईचे, अमेरिकेचे झाले. चुडाव्यासारख्या गावात अशी किल्ली कोणी हातात घेतलेली आहे का? आहे. ती डिजिटल सही करायची किल्ली, पेन ड्राइव्हसारखी दिसते आणि तिला सगळे डोंगल म्हणतात.

तलाठ्याकडे ती आहे. फेरफार तलाठ्याने घ्यायचा आणि मंडळ अधिकाऱ्याने आपल्या डोंगलने प्रमाणित करायचा. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्याच्या शाईच्या सहीसाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याची मोठी सोय झाली. त्या सातबाऱ्याचा विश्वास या डोंगलवर उभा आहे. ग्रामपंचायतीतही डोंगल आहेत, आणि तिथे दोन आहेत. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च करायचा तर ग्रामसेवकाने, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आपल्या डोंगलने देयक तयार करायचे आणि सरपंचाने आपल्या डोंगलने ते मंजूर करायचे. एकट्या कोणालाही पैसा हलवता येत नाही. खजिन्याचे डबल लॉक गावात आले, तेही लोकांनी निवडून दिलेल्या माणसाच्या हाती किल्ली देऊन. पंचायत राजच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही.

डोंगलच्या आतली खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही, तिची नक्कल होत नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकला तर ते बंद पडते. यंत्र चोख आहे. पण अनेक गावांत सरपंचाचे डोंगल सरपंचाकडे नसतेच. दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या एकाच खणात पडलेली असतात, पासवर्ड खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. सरपंचबाई असतील तर बहुधा ते त्यांच्या नवऱ्याच्या खिशात. महाराष्ट्राने २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना दिल्या. त्यांना खुर्ची मिळाली, किल्ली मात्र वाटेतच दुसऱ्याने धरून ठेवली. ज्या घरात सासूच्या कमरेचा जुडगा सुनेच्या हाती येणे म्हणजे घर तिचे झाले असे मानतात, तिथे याचा अर्थ कोणाला समजावून सांगायला नको. रेल्वेत दोन्ही कुलपांच्या किल्ल्या एकाच माणसाकडे सापडल्या तर चौकशी होते. ग्रामपंचायतीत ती सोय म्हणून खपते, आणि न झालेल्या कामाचे देयक निघाले की सही कोणाची, या प्रश्नाला कायद्याच्या लेखी एकच उत्तर असते: ज्याचे डोंगल त्याची.

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याचे कलम ४२ सांगते की ज्याच्या नावाने डिजिटल सही आहे, त्याने आपली खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी घ्यायची, ती दुसऱ्या कोणाला उघड होऊ द्यायची नाही, आणि ती धोक्यात आली तर विनाविलंब प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कळवायचे. तसे कळवेपर्यंतची जबाबदारी त्याचीच.

मीटरगेज गेले, १९९० च्या दशकात ब्रॉडगेज आले, आणि अलीकडे दुहेरी मार्गही झाला. गोळा आणि वेताची कडी आता रेल्वेच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांनी घालून दिलेली शिस्त मात्र कोणत्याही सरपंचाला आज दुपारी पाळता येईल. सरपंचांनी, आणि त्यातही सरपंच ताईंनी, ग्रामपंचायतीत जाऊन आपले डोंगल मागून घ्यावे. जुना पासवर्ड बदलावा, तो कोणाला सांगू नये, आणि देयक वाचल्याशिवाय डोंगल संगणकाला लावू नये. ते त्यांच्या नावाचे आहे.